माझा चेहरा लावलेला माणूस

११ सप्टेंबर

शेरिफच्या ऑफिसातली बाई म्हणाली, जे काही घडेल ते तारखेसकट लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. म्हणून ही वही. मला लिहायची सवय नाही. तीस वर्षं काउंटीची बर्फ सारायची गाडी चालवली, तेव्हा रोज संध्याकाळी रस्त्याचं नाव आणि किती इंच बर्फ एवढंच लिहायचो.

परवा सकाळी टेक्सासमधल्या कुणा बाईचा मेसेज आला. मी तिला ओळखत नाही. तिने मला नाही नाही त्या शिव्या दिल्या होत्या. तिच्या आईला मी फसवलं, लग्नाचं वचन दिलं, आता तोंड लपवतो, असं बरंच काही. खाली एक पान जोडलं होतं. उघडलं तर मीच. माझं हिरवं जाकीट, माझी दाढी, शेजारी माझा कुत्रा पेक्का. नाव मात्र रॉबर्ट हॉलंड. भर समुद्रात तेल काढणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. विधुर. देवभोळा.

यातलं विधुर तेवढं खरं.

काइसाला फोन केला. ती ॲरिझोनात असते. गाडी चालवत होती.

"बाबा, तुमचं अकाउंट सगळ्या जगाला उघडं आहे?"

"असेल. तूच म्हणालीस रोज एक फोटो टाका."

"टाका म्हटलं. चव्हाट्यावर मांडा नाही म्हटलं."

माझी बायको आइली गेल्यावर काइसानेच ही युक्ती काढली होती. रोज एक फोटो टाकायचा, म्हणजे बाबा धड आहेत हे तिला तिकडे कळतं. मी टाकतो. कधी सरोवर, कधी पेक्का, कधी आरशासमोर मी. ती खाली अंगठा दाबते. कामात असली की राहून जातं.

म्हणाली, उद्या फोन करते, तोवर अकाउंट बंदिस्त करून ठेवा.

१३ सप्टेंबर

लायब्ररीत गेलो. जीनेट लॅमोरो तिथे बसते. आइलीबरोबर चर्चमध्ये गायची. तिने माझा एक फोटो कॉम्प्युटरला दिला आणि म्हणाली, "आता हा शोधेल, तुझा चेहरा आणखी कुठे कुठे आहे ते."

पुष्कळ ठिकाणी होता. एकीकडे मी हाडांचा डॉक्टर. एकीकडे डेन्मार्कचा निवृत्त कर्नल. एकीकडे माझा घोड्यांचा तबेला आहे.

"रेइनो, तू भलताच उद्योगी निघालास," जीनेट म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माफ कर."

होडीजवळचा एक फोटो आहे, मी आणि आइली. त्यातून आइलीला कापून टाकलंय. माझ्या खांद्यावर तिची चार बोटं तेवढी राहिलीत. मी ती बराच वेळ बघत होतो. जीनेटने पुढचं पान उघडलं.

तिने सगळं नीट समजावलं. फोटो फक्त ओळखीच्या माणसांना दिसतील असं करायचं. गावाचं नाव काढायचं. ज्यात घराचा नंबर, दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट दिसते ते फोटो आधी काढायचे. सगळ्याची एक प्रत उतरवून घरी ठेवायची. खोट्या पानांची तक्रार एकेक करून करायची. "आत्ताच करून टाकू या का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, घरी करतो.

१६ सप्टेंबर

काइसाचा काल फोन, आजही फोन. "झालं का?"

"ते बटण सापडत नाही."

तिने मला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मध्येच तिच्या ऑफिसातल्या नव्या साहेबाबद्दल सांगितलं, तिकडच्या उन्हाबद्दल सांगितलं, आइलीसारखी मटाराची आमटी करायला गेली ती कशी करपली तेही सांगितलं. आइलीच्या अंत्यविधीनंतर आम्ही एका दमात एवढं बोललो नव्हतो.

बटण उद्या शोधीन.

२५ सप्टेंबर

अजून झालेलं नाही. काइसा रोज फोन करते आणि चिडते.

रात्रीचं जेवण झाल्यावर जुने फोटो खाली खाली सरकवत गेलो. आइली होती तेव्हा ती माझ्या प्रत्येक फोटोखाली काहीतरी लिहायची. शेजारच्या खोलीत बसून लिहायची. मी इकडे हसलो की तिकडून विचारायची, "वाचलंस का?" बंदोबस्त करताना यातलं काही पुसलं गेलं तर? जीनेट म्हणते, असं होत नाही. पण तिला तरी काय माहीत?

१८ ऑक्टोबर

आज जे घडलं ते शेरिफच्या ऑफिसला सांगायचं की नाही, हे कळत नाही. लिहून तरी ठेवतो.

दुपारी दाराशी गाडी थांबली. केंटकीची नंबरप्लेट. माझ्याच वयाची एक बाई उतरली. निळा कोट, हातात झाकलेला केक. मी दार उघडलं आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

"रॉबर्ट," ती म्हणाली, "तू घरी आहेस. मला वाटलंच होतं."

मी म्हटलं, "बाई, मी रॉबर्ट नाही."

ती हसली. मी थट्टा करतोय असं वाटलं असावं. "दुकानातल्या पोराने पण दुसरंच नाव सांगितलं. लहान गावात टोपणनावं असतात, आमच्याकडेही आहेत. मी ओपल. ओपल जेसप. आता तरी आत घेशील का? किती थंडी आहे."

वारा सरोवरावरून येत होता. मी तिला आत घेतलं.

तिला माझं गाव रॉबर्टने सांगितलेलं नव्हतं. पेक्काच्या एका फोटोत मागे को-ऑपच्या दुकानाची पाटी आहे, गावाच्या नावासकट. ती तिने भिंग लावून वाचली. रॉबर्ट सुट्टीवर घरी यायचा होता आणि तिला त्याला चकित करायचं होतं.

ती स्वयंपाकघरात आली आणि थबकली. "खिडकीतली ती जिरेनियम कुठे गेली?"

"वाळली."

"गेल्या वर्षीच्या फोटोत होती." ती पेक्काजवळ वाकली. "बडी, ये. बडी." पेक्का जागचा हलला नाही. मी म्हटलं, पेक्का. तो शेपूट हलवत उठला. तेव्हा पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

मी लायसन्स दाखवलं. काउंटीने निवृत्तीच्या दिवशी दिलेली पाटी दाखवली. अल्बम काढला. होडीजवळचा तो फोटो, न कापलेला. तिने बोट लावलं ते आइलीच्या चेहऱ्यावर.

"ही कोण?"

"माझी बायको."

"ही नव्हती त्यात," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुमचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक आहे." तोवर ती मला अरे-तुरे करत होती. तिथून ती 'तुम्ही' म्हणायला लागली.

तिला त्याचा आवाज माहीत नव्हता. समुद्रात फोन लागत नाही असं तो सांगायचा. रोज सकाळी, रोज रात्री लिहायचा मात्र. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तासातासाला चौकशी करत होता. "सख्खी बहीण आली नाही," ती म्हणाली. त्याला तिने पैसेही पाठवले होते. किती ते मी विचारलं नाही.

मी विचारलं, "एवढा विश्वास कशावरून बसला?"

"त्याने बायकोबद्दल लिहिलं होतं त्यावरून. असं कुणी खोटं लिहू शकत नाही." आणि तिने ते पाठ म्हणून दाखवलं. "अजूनही गाडी सुरू केली की मी आधी तिच्या बाजूच्या सीटचा हीटर लावतो. मग आठवतं. पण बंद करत नाही. गाव येईपर्यंत ती सीट गरम राहते."

मी लाकडं आणतो म्हणून उठलो. मागच्या अंगणात गेलो. लाकडं घरात भरपूर होती.

ते मी लिहिलेलं होतं. आइली गेल्यानंतरच्या डिसेंबरात, फोटोखाली. त्याला बावीस का तेवीस अंगठे आले होते.

परत आलो तेव्हा तिने केक कापून दोन बशांत ठेवला होता, कॉफीही ओतली होती. मी सांगितलं, ते वाक्य माझं आहे. तिने माझी बशी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "कॉफी थंड होतेय."

१९ ऑक्टोबर

ओपल मोटेलवर राहिली होती. सकाळी निरोप घ्यायला आली. दाढी नीट कातरली होती ते बरं झालं. कॉफी झाली. तिने घराचा, दाराचा, माझा एकेक फोटो काढला, आठवण म्हणून. आपला नंबर लिहून दिला.

"रॉबर्टला काय सांगू?" गाडीत बसल्यावर तिने विचारलं.

"काही सांगू नका. त्याचं लिहिणंच बंद करून टाका."

"हो," ती म्हणाली. "तेच बरं."

बशी धुऊन ठेवली. केक अजून अर्धा आहे.

२१ ऑक्टोबर

काइसाला सांगितलं.

"अनोळखी बाईला घरात घेतलंत?"

"अनोळखी कसली? तिला सगळं माहीत होतं. जिरेनियमसुद्धा."

"बाबा, तेच तर." तिचा आवाज बदलला. "उद्या दुसरं कुणी येईल. केक न घेता येईल. तुम्ही अकाउंट बंदिस्त केलंय ना?"

केलं म्हटलं. उद्या करतो.

ओपलला एक मेसेज पाठवला, सुखरूप पोचलात का. संध्याकाळी उत्तर आलं, "पोचले." को-ऑपमध्ये शर्ट घेतला. निळा. जुन्याची कॉलर गेलीच होती.

२ नोव्हेंबर

सकाळी पेक्काचा फोटो टाकायला गेलो तर अकाउंट उघडेना. त्याजागी पाटी होती. तुम्ही दुसऱ्या व्यक्तीचं सोंग घेत असल्याची तक्रार आली आहे, म्हणून तुमचं अकाउंट बंद करण्यात येत आहे.

पुन्हा पुन्हा वाचलं. मग थेट लायब्ररी गाठली. जीनेटने तिच्या कॉम्प्युटरवर बघितलं. माझं पान नाही. मी कधी नव्हतोच असं. रॉबर्ट हॉलंडचं पान तसंच आहे. काल त्याने माझ्या चेहऱ्याने सगळ्यांना रविवारच्या शुभेच्छा दिल्यात.

"प्रत उतरवून ठेवली होतीस ना?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. तिने माझ्यासाठी आतून खुर्ची आणली.

ओपललाही सावध करायला हवं. तिच्या नावावरही असलं काही होऊ शकतं. फोन केला, उचलला नाही. निरोप ठेवला.

९ नोव्हेंबर

ओपलने आज फोन उचलला.

मी सगळं सांगितलं. अकाउंट गेलं, आइलीने लिहिलेलं सगळं त्यात होतं, तेही गेलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "रॉबर्टने सांगितलं होतं, तुमचा फोन येईल म्हणून."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"त्याने मला सगळं उलगडून सांगितलं," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, आजाऱ्याशी बोलावं तसा. "तुम्ही त्याचे फोटो घेता. त्याचं लिहिलेलं घेता. त्याला वर्षभरापासून हा त्रास आहे. तक्रार मीच केली. तुमच्या घराचा फोटोही त्या अकाउंटवाल्यांना पाठवला."

"तुम्ही माझ्या टेबलाशी बसलात, ओपल. अल्बम बघितलात."

"अल्बम काय, आजकाल काहीही करता येतं, असं तोच सांगत होता." थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही वाईट माणूस नाही. एकटे आहात, हे मला त्या दिवशीच दिसलं. पण दुसऱ्याचं आयुष्य पांघरून एकटेपण जात नाही. मुलीला बोलावून घ्या. खरंच मुलगी असेल तर."

मी म्हटलं, "कुत्रा बडी म्हटल्यावर आला नाही, ते आठवा."

ती काही बोलली नाही. श्वास ऐकू येत होता. मग तिने फोन ठेवला.

तिचा राग यायला हवा. दिवसभर वाट बघितली, आला नाही.

२१ नोव्हेंबर

अकाउंट चालवणाऱ्या कंपनीकडे दाद मागितली. माणूस कुणी भेटत नाही, नुसत्या पाट्या येतात. चेहऱ्याचा ताजा फोटो मागितला. जीनेटने लायब्ररीच्या भिंतीशी उभं करून काढला. उत्तर आलं की हा चेहरा पूर्वीच्या फोटोंशी पुरेसा जुळत नाही.

जीनेट म्हणाली, "तू बारीक झालायस. जुन्या फोटोंत हसतोयस. जरा हस बघू."

हसलो. तोही जुळला नाही.

२९ नोव्हेंबर

काइसा आली. थँक्सगिव्हिंगच्या सणाचे दोनच दिवस, पण आली. टर्की मोठी होती, पेक्काला पुष्कळ मिळाली. शुक्रवारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिचा कॉम्प्युटर घेऊन बसली. एकेक खोटं पान शोधून तक्रार करत होती. डॉक्टर गेला. कर्नल गेला. माझे जे फोटो तिच्याजवळ होते ते तिने वेगळे उतरवले. फोनला नवे पासवर्ड घातले.

मग रॉबर्टच्या पानावर ती सीटच्या हीटरच्या त्या ओळींपाशी आली. त्याखाली बायकांनी पुष्कळ लिहिलंय. देव तुम्हाला बळ देवो. तुम्ही एकटे नाही. मी पण अशीच आहे.

"हे तुम्ही लिहिलं होतंत तेव्हा मी ऑफिसात होते," काइसा म्हणाली. "नुसता अंगठा दाबला होता."

"कामात असतेस."

"या बायकांनी केवढं लिहिलंय, बाबा." तिने कॉम्प्युटर मिटला. मग उठून भांडी घासायला लागली. ती आधीच घासलेली होती.

जाताना म्हणाली, आता फोटोबिटो नको, मी रोज फोन करीन.

१४ डिसेंबर

कंपनीचं शेवटचं उत्तर आलं. निर्णय कायम. खाली कुणाचं नाव नाही.

रॉबर्ट हॉलंडचंही पान गेलं. जीनेट म्हणते, दुसऱ्या नावाने येईल. ओपलला तो आणखी कुठून लिहीत असेलच.

आइलीने फोटोंखाली जे लिहिलं होतं त्यातलं आठवतंय तेवढं इथे लिहून ठेवतो.

मोठ्या माशाखाली: हा दुकानातला आहे, मी साक्षीला आहे.

टोपीतल्या माझ्या फोटोखाली: टोपी काढ आणि माणसासारखा दिस.

गाडीच्या फोटोखाली, सगळे रस्ते बंद होते त्या वादळातल्या: आमचा दरवाजा सोडून अख्ख्या काउंटीचा बर्फ काढून आला.

आणखी एक होतं, पेक्का पिल्लू होता तेव्हाचं. त्यावर मी फार हसलो होतो. शब्द आठवत नाहीत.

६ जानेवारी

काइसाचा फोन रविवारी आला होता. ती कामात आहे. इकडे बर्फ फार, रस्ता साफ करणारा नवा पोरगा कडेला नीट सारत नाही.

जीनेट म्हणते, लायब्ररीत म्हाताऱ्यांसाठी एक दुपार ठेवू या, फोटो कसे जपायचे त्यावर. बटणं ती दाखवेल, पण जे झालं ते मी सांगावं. मी म्हटलं, मला बोलता येत नाही. ती म्हणाली, मला सांगितलंस तसंच सांग.

१९ जानेवारी

आज ती दुपार झाली. खुर्च्या जास्त मांडल्या होत्या, माणसं सहा आली. मी सांगितलं. गाव काढा, पाट्या बघा, अकाउंट ओळखीच्यांपुरतं ठेवा, प्रती उतरवून घ्या, आणि उद्या करतो म्हणू नका. ओपलचं नाव घेतलं नाही. एकीने विचारलं, "ती बाई एवढी मूर्ख कशी?" मी म्हटलं, ती मूर्ख नव्हती. त्यापुढे काय सांगायचं ते सुचलं नाही.

सगळे गेल्यावर अर्विड निएमी मागे राहिला. तांब्याच्या खाणीत होता, लग्न केलं नाही, गावाबाहेर शेवटच्या रस्त्याला राहतो.

"तू दर हिवाळ्यात माझ्या फाटकात बर्फाचा ढीग करून जायचास," तो म्हणाला.

"शेवटचं घर. कुठे तरी टाकायला हवाच."

तो हसला नाही. खिशातून फोन काढला. त्यावर एका बाईचा फोटो होता. पन्नाशीची, लाल स्कार्फ, मागे कसलीशी बाग. "मार्गिट नाव आहे. नॉर्वेत असते. दीड वर्ष लिहितोय आम्ही. तिचंही तसंच आहे का, ते तुझं ते मशीन सांगेल?"

जीनेटने माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो. जीनेटने फोटो दिला.

सात ठिकाणी निघाली. सात नावं. एका ठिकाणी खरी होती. मॅनिटोबातली शाळामास्तरीण, नाव वेगळंच, नवरा आणि दोन मुलं शेजारी. अर्विड वाचत होता. वाचायला त्याला वेळ लागतो. मग त्याने चष्मा काढून पुसला.

"पुढच्या गुरुवारी तिचा वाढदिवस आहे," तो म्हणाला. "तेवढा होऊ दे. मग बंद करतो."

त्या बाईचा वाढदिवस कधी असतो ते कुणास ठाऊक. गुरुवारी कुणाचाच नसेल. मी ते बोललो नाही. पेक्काचं ऐकून ओपल फोनवर गप्प का राहिली होती, ते मला आज कळलं. तिला माझं पटलं होतं. पटलं म्हणूनच तिने फोन ठेवला.

मी म्हटलं, "अर्विड, पैसे एकही पाठवायचे नाहीत."

"आता नाही पाठवणार."

"आणि या मास्तरणीला आजच कळवायला हवं. तिला माहीतच नसेल."

त्याने मान हलवली. आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. तुमचे फोटो अमुक अमुक ठिकाणी दुसऱ्या नावांनी आहेत, ती पानं ही, तक्रार अशी करा, आणि घरातल्या मुलांचे फोटो आधी बंदिस्त करा. जीनेट टाइप करत होती. शेवटी अर्विड म्हणाला, "त्यात लिही, लाल स्कार्फ शोभतो म्हणावं."

जीनेट थांबली.

"ती घाबरेल रे," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "खरंय. नको लिहू."

पाठवलं. दिवे बंद करून तिघं बाहेर पडलो. बर्फ पडत होता. त्याची गाडी सुरू व्हायला वेळ लागला, मी उभा राहिलो. काच खाली करून तो म्हणाला, "घरी जाऊन फोन उघडणार मी. ती विचारेल, दिवस कसा गेला."

मला त्याला काय सांगावं ते कळेना. मग म्हटलं, "शनिवारी सौना तापवतो. वाफ घ्यायला ये."

"काय आणू?"

"टॉवेल आण. बाकी आहे."

त्याने जरा विचार केला. आवाज न करता ओठ हलवून दिवस मोजल्यासारखं केलं.

"शनिवारी," तो म्हणाला, "मला काही काम नाही."